वारा होता की नव्हता

नोव्हेंबरात आमच्या कॉलेजचे वर्ग अर्धे रिकामे असतात. सोयाबीनची सोंगणी उरकलेली असते, पण कापूस फुटलेला असतो आणि वेचणीला माणसं मिळत नाहीत, म्हणून घरच्या पोरीच वावरात उतरतात. हजेरीपटावर एखादीच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिताना मला ठाऊक असतं की ती आत्ता ओटी बांधून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासात उभी आहे. नेमक्या याच दिवसांत आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांकडून अभ्यासनिबंध मागवतो. वेळ चुकीची आहे, दरवर्षी ठरवतो की बदलू, आणि दरवर्षी विद्यापीठाचं वेळापत्रक आम्हाला तिथेच आणून सोडतं. त्यामुळे आमच्याकडे येणारे बहुतेक निबंध रात्री लिहिलेले असतात. कागदाला कधीकधी सरकीचा वास येतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी 17 वर्षांपासून मराठी शिकवते. आमच्या मुली बारावीपर्यंत मानव विकासच्या, म्हणजे शाळकरी मुलींसाठीच्या सरकारी योजनेच्या, बसने येतात, त्यानंतर साध्या एसटीचा पास काढतात. बऱ्याच जणींच्या घरातून कॉलेजात आलेलं त्या पहिलंच माणूस. पहिल्या वर्षाच्या उत्कृष्ट निबंधाला बक्षीस द्यायची प्रथा आम्ही शिक्षकांनीच वर्गणी काढून सुरू केली. अटी साध्या: विषय आपल्या गावातला, शब्द पंधराशेच्या आसपास, आणि माहिती कुणाकडून किंवा कुठून घेतली ते लिहायचं. या शेवटच्या अटीकडे सुरुवातीची कितीतरी वर्षं मी स्वतः नीट पाहिलं नाही. त्याची किंमत एका मुलाने मोजली. ते आधी सांगते.

तो मुलगा शकुंतलेच्या रुळालगतच्या गावातला. शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी, ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातला कापूस वाहून न्यायला घातलेल्या अडीच फुटी रुळांवरची. तेव्हा ती अजून चालू होती. त्याने तिच्यावर निबंध लिहिला आणि त्यात इतिहास जवळजवळ नव्हताच. चार पानं त्याने फक्त फाटकांवर लिहिली होती. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबते, गाडीतलाच माणूस खाली उतरतो, फाटक लावतो, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडतो आणि पुन्हा चढतो. आपल्या गावापासून पुढच्या स्टेशनापर्यंत असं किती वेळा होतं, त्याला किती मिनिटं लागतात, त्या वेळात कोण उतरून लघवीला जातं, कोण वावरातली बोरं तोडून आणतं, सगळं त्याने मोजून लिहिलं होतं. आजोबा काय सांगतात आणि स्वतः काय पाहिलं, तेही वेगवेगळं लिहिलं होतं.

मी त्यावर लाल शाईने ‘विषयांतर’ लिहिलं. खाली ‘निबंध अपूर्ण’. आणि बक्षीस दिलं पर्यावरणावरच्या एका निबंधाला. त्यात प्रस्तावना होती, उपशीर्षकं होती, समारोप होता, आणि आमच्या तालुक्यातलं एक झाडसुद्धा नव्हतं.

आता ती गाडी बंद आहे. रुळांवर बाभळी वाढल्या आहेत. त्या फाटकांचा तेवढा बारीक हिशेब आणखी कुणी लिहून ठेवला असेल असं मला वाटत नाही. तो कागदही उरला नाही. नियमाप्रमाणे जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत जातात, त्यांच्यासोबत तो गेला. तो मुलगा दुसऱ्या वर्षाला आला नाही. का आला नाही याची कारणं बरीच असतील, माझी लाल शाई त्यांतलं एक नसेल अशी आशा मी करते. पण खात्री नाही.

यानंतर काही वर्षं मी निबंध वाचायची ती चोरी पकडण्यासाठी. गाईडमधून उतरवलेला कोणता, मोठ्या भावाचा कोणता, आणि अलीकडे मोबाइलने लिहून दिलेला कोणता. मोबाइलचे निबंध ओळखायला फार हुशारी लागत नाही. त्यांतला शेतकरी नेहमी ‘बळीराजा’ असतो, त्याच्या समस्या ‘बहुआयामी’ असतात, आणि त्याच्या वावरात पीक कोणतं आहे ते मात्र कळत नाही. चोरी पकडायची मला सवय लागली आणि त्या सवयीने माझं वाचन बिघडवलं. वाईट बाजूला काढल्यावर जे उरतं ते चांगलं, असं मी धरून चालले होते. उरलेल्या वीस-पंचवीस निबंधांत कोणता खरोखर थोर आहे, हे पाहायला लागणारी नजर वेगळी असते. ती मला एका मुलीने दिली.

2024-25 मध्ये आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलला, श्रेयांकांचे तक्ते आले, आम्ही शिक्षक महिनोन् महिने त्यातच बुडालो होतो. त्या गडबडीत 64 निबंध जमले. एका गठ्ठ्यात, दोनशे पानी वहीतून फाडलेल्या कागदांवर, ‘आमच्या घरचा पंप’ नावाचा एक निबंध होता.

2017 साली आमच्या जिल्ह्यात काय झालं ते इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्या वर्षी पऱ्हाटी दाट झाली होती, माणसाच्या डोक्याला लागत होती. फवारा वरच्या बाजूला मारावा लागायचा आणि तो पुन्हा अंगावर यायचा. जोरात फवारणारे नवे पंप आले होते. अळी आटोक्यात येत नव्हती म्हणून दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. पुढे चौकश्या झाल्या, अहवाल आले.

ही मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिचे वडील दुसऱ्यांच्या वावरात पंपाच्या हिशेबाने फवारणी करायचे. ते वाचले. चार दिवस त्यांना समोरचं माणूस धुरकट दिसत होतं. निबंध त्या एका दिवसावर होता. त्यासाठी तिने चौघांना विचारलं होतं: वडिलांना, पाणी आणून देणाऱ्या आईला, औषध देणाऱ्या कृषी केंद्रवाल्याला आणि मोटारसायकलवर दवाखान्यात नेणाऱ्या शेजाऱ्याला. कोणाला कधी विचारलं, तेही तारखेसह.

तिसऱ्या पानावर एक हिशेब होता. त्या दिवशी वडिलांनी 20 पंप मारले. एका पंपात 15 लिटर पाणी मावतं, हे तिने घरी तांब्याने मोजून पाहिलं. म्हणजे 300 लिटर पाणी. ते विहिरीवरून वावरापर्यंत आईने डोक्यावर आणलं. मजुरी पंपामागे मिळायची, ती फवारणाऱ्याला. तिने पुढे एकच वाक्य लिहिलं होतं: ‘पाणी आणायचे वेगळे पैसे नव्हते.’ आणि ती पुढच्या मुद्द्यावर गेली. त्या वाक्यापाशी थांबून तिने हळहळ केली नाही, ‘स्त्रियांचे अदृश्य श्रम’ असं काही म्हटलं नाही. मी मात्र त्या पानावर बराच वेळ थांबले. फवारणीबद्दल एवढं वाचलं, त्यात पाणी कोण आणतं हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता.

पाचव्या पानावर मतभेद होता. वडील सांगत होते की दुपारी वारा फिरला आणि फवारा अंगावर आला. आई सांगत होती की वारा नव्हताच, पान हलत नव्हतं, उकाड्यामुळे तर डोकं गरगरत होतं. तिने दोघांचंही म्हणणं, आईचं आईच्या बोलीत आणि वडिलांचं त्यांच्या, एकाखाली एक लिहिलं होतं. खाली नोंद: ‘दोघेही त्या दिवशी एकाच वावरात होते. कोण बरोबर ते मला ठरवता आलं नाही.’

आणि शेवटच्या पानावर: शेजारच्या धुऱ्यापलीकडे आणखी एक जण फवारत होता. तो आता पुण्याकडे कामाला गेला आहे. ‘त्यांना मी भेटू शकले नाही. त्यांचं म्हणणं या निबंधात नाही.’

आम्ही तिघं परीक्षक होतो. अर्थशास्त्राच्या सरांनी तिला सर्वांत कमी गुण दिले होते. ते वाईट शिक्षक नाहीत, उलट मुलांसाठी झटणारे आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं मी इथे पूर्ण देते. त्यांचं म्हणणं असं की अभ्यासनिबंधाला निष्कर्ष लागतो. वारा होता की नव्हता एवढंही जिला ठरवता आलं नाही, तिने अभ्यास केला असं कसं म्हणायचं? शिवाय निबंधात परस्परविरोधी विधानं आहेत, हा तर उघड दोष.

मी त्या क्षणी उत्तर देऊ शकले नाही. घरी आले, भाकरी थापता थापता डोक्यात तेच. आणि मग आठवलं ते मी दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवते: म्हाइंभट.

आमच्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकात ‘लीळाचरित्रा’चं काम झालं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी गेल्यानंतर त्यांच्या आठवणी ज्यांच्याकडे होत्या, त्या एकेका माणसाकडे म्हाइंभट गेले, ऐकलं, लिहून घेतलं, पंथाचे पुढचे प्रमुख नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतलं. आणि त्या ग्रंथाच्या पाठांत पुढे जागोजागी दिसतं की अमक्याच्या आठवणीत असं आहे, तमक्याच्या आठवणीत तसं आहे. स्वामींच्या शब्दाला ज्यांनी देव मानलं त्या लोकांनीसुद्धा दोन आठवणींची मिळून एक गुळगुळीत आठवण केली नाही. फरक ठेवले, नावासकट ठेवले. मी वर्गात हे सांगते, मुलं वहीत उतरवतात, परीक्षेत पाच गुणांना येतं. आणि तीच रीत माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीत मला दिसली, तेव्हा तिचा बचाव कसा करावा हे मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निबंध घेऊन सरांकडे गेले. रिद्धपूरचं सांगितलं, पण ते थोडंच. मुख्य म्हणजे आम्ही तो निबंध दोघांनी मिळून पुन्हा वाचला. निष्कर्ष नव्हता असं नव्हतं, तो सहाव्या पानावर होता आणि अगदी लहान होता. चौघांच्या बोलण्यात ज्या गोष्टी जुळतात तेवढ्याच तिने वेगळ्या काढल्या होत्या: पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, आणि तोंडाला-हाताला काय बांधावं हे त्या दिवसापर्यंत कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. कृषी केंद्रवाल्यानेही ते मान्य केलं होतं आणि तिने त्याच्याबद्दल एक कडवट शब्द न वापरता ते नोंदवलं होतं. वाऱ्याबद्दल पुरावा नाही, म्हणून वाऱ्याबद्दल निष्कर्ष नाही. जेवढा आधार तेवढंच बोलणं. सर बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, “माझ्या पीएचडीत मी इतकं सांभाळलं नव्हतं.” त्यांनी गुण बदलले. मी त्यांना तसं सुचवलंही नव्हतं.

लाल शाईचा प्रश्न राहिला होता. तिसऱ्या परीक्षकांनी आईचं सगळं बोलणं ‘शुद्ध’ केलं होतं. ‘वारा नोयताच’ खोडून ‘वारा नव्हताच’. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात; तेही जागोजागी खोडलेलं. तिचं स्वतःचं लिहिणं प्रमाण मराठीतच होतं, चुका होत्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या पुष्कळ होत्या, आणि त्या दाखवायलाच हव्या. पण आईचं वाक्य ही तिची भाषा नव्हे, तो तिचा पुरावा आहे. साक्षीदाराचं बोलणं कुणी सुधारत नाही. मी त्या खोडलेल्या शब्दांखाली तुटक रेघा मारल्या, छापखान्यात ‘जसं होतं तसं राहू द्या’ म्हणून मारतात तशा.

तिला बोलावून विचारलं की दोघांचं वेगवेगळं म्हणणं तसंच का ठेवलंस. ती घाबरली, तिला वाटलं चूक झाली.

“म्याडम, बाबा म्हनते वारा होता, माय म्हनते नोयता. एकाचं लिवलं असतं त दुसरं खोटं पडलं असतं. अन् आमच्या घरी खोटं कोनीच नाई बोलत.”

पहिला क्रमांक तिचा ठरला. मग प्रश्न आला की द्यायचं काय. रिवाजाप्रमाणे पाचशे रुपये, प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर तिचं नाव असतं, निबंधाचं नाव नसतं. मला हे खटकायला लागलं होतं. मराठीत विद्यार्थ्याच्या निबंधाचा सगळ्यात मोठा सन्मान कोणता झाला असेल तर तो मुक्ता साळवेचा. जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्याच्या शाळेतली मातंग समाजातली ही मुलगी, वय चौदाच्या आसपास, शाळेत जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ने 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च अशा दोन अंकांत छापला. म्हणजे शाळेतल्या मुलीचं लिहिणं मोठ्यांच्या नियतकालिकात, मोठ्यांच्या लेखनाशेजारी. म्हणूनच आज पावणेदोनशे वर्षांच्या उंबरठ्यावर आपल्याला ते शब्द वाचता येतात. तिची एक आठवणही सांगितली जाते, की एका कार्यक्रमात खाऊ मिळाला तेव्हा तिने खाऊ नको, ग्रंथालय द्या असं म्हटलं.

मी प्राचार्यांकडे गेले आणि म्हटलं, निबंध लायब्ररीत ठेवू. पुस्तकासारखा. टंकून, शिवून, कापडी बांधणी करून, दाखल नोंदवहीत क्रमांक घालून. मुलांना घरी नेता आला पाहिजे. ग्रंथपाल सर आधी बिचकले, नोंदवहीत ‘प्रकाशक’ आणि ‘किंमत’ असे रकाने असतात, तिथे काय लिहायचं? बऱ्याच विचाराने त्यांनी प्रकाशकाच्या जागी तिच्या गावाचं नाव लिहिलं. किमतीच्या रकान्यात बांधणीचा खर्च, 90 रुपये.

3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, तो निबंध वाचायचं ठरलं. भाषणं नकोत, फक्त वाचन. ती स्वतः वाचायला तयार नव्हती, शेवटी तयार झाली. आईवडील आले होते. वडील खांद्यावर दुपट्टा टाकून मागच्या रांगेत, आई बायकांकडे पुढे. एसटी उशिरा आली म्हणून दोघांनी काही खाल्लं नव्हतं, आमच्या शिपाईमामांनी त्यांना चहा-पोहे आणून दिले. वाचताना 300 लिटरचा हिशेब आला तेव्हा आईने मान वर केली. तिला हे लिहिलंय हे माहीत नसावं. वाऱ्याचा परिच्छेद आला, मुलीने दोन्ही म्हणणी त्या-त्या माणसाच्या सुरात वाचली, आणि सभागृह शांत झालं. मागून वडिलांचा आवाज आला, मोठा नाही, स्वतःशीच बोलल्यासारखा: “होता वारा.” आईने मागे वळून पाहिलं नाही. तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून. मुलगी क्षणभर थांबली आणि पुढचं वाक्य तिने वाचलं: ‘कोण बरोबर ते मला ठरवता आलं नाही.’

त्या वर्षभरात तो निबंध सोळा मुलांनी घरी नेला. हे मी कार्डावरून मोजलं. कथा-कादंबऱ्यांची कार्डं इतकी भरत नाहीत. यंदाच्या पहिल्या वर्षाचे विषय पाहिले तर एक मुलगा पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांच्या सणाला म्हणतात ती कवनं, गोळा करतो आहे, म्हणणाऱ्याचं नाव आणि गाव घालून. एकीने पांदण रस्त्याच्या भांडणावर दोन्ही घरांना विचारायचं ठरवलं आहे. अर्थशास्त्राच्या सरांनी आता गुणांच्या तक्त्यात एक नवा रकाना घातला आहे: ‘कोणाला विचारता आलं नाही, ते सांगितलं का?’ मला तो शकुंतलेवाला मुलगा आठवतो. आजोबांचं आणि स्वतःचं वेगळं लिहिणारा. त्याचा फोन नंबर मी शोधते आहे. त्याच्या गावच्या दोन मुली यंदा पहिल्या वर्षाला आहेत, त्यांना सांगून ठेवलं आहे. फाटकं किती होती, एवढं तरी त्याला आठवत असेल तर तो पुन्हा लिहील का, असं मला विचारायचं आहे.

गेल्या पोळ्यानंतर ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी उभी होती. आता दुसऱ्या वर्षाला आहे. हातात दोन कागद. पुण्याकडे गेलेला तो धुऱ्यापलीकडचा माणूस सणाला गावी आला होता, तिने त्याला बैलं सजवताना गाठलं. त्याला वाऱ्याचं काही आठवत नव्हतं. होता की नव्हता, दोन्ही नाही. त्याला आठवत होता तो डब्यातल्या भाजीला आलेला औषधाचा वास, आणि पलीकडच्या विहिरीवरून हंडा घेऊन येणारी एक बाई.

“म्याडम, हे त्या पुस्तकात लावता येईन का?”

आम्ही दोघी लायब्ररीत गेलो. ग्रंथपाल सरांनी बांधणीची शेवटची शिलाई उसवून कागद आत घेतले, पुन्हा शिवले, आणि नोंदवही उघडून बसले. नवा क्रमांक द्यावा की नाही, यावर त्यांनी बराच विचार केला. मग जुन्या क्रमांकापुढेच एक ‘अ’ लिहिला, तारीख घातली, आणि तिच्याकडे पाहून विचारलं, “अजून कोणी राहिलं आहे का?”

ती म्हणाली, “हो, वावराचे मालक.”

सरांनी ‘अ’च्या खालची ओळ मोकळी सोडली.